गोळी येतेच आहे, असं मी म्हणालो होतो

एका एन्झाइमवर माझी श्रद्धा होती. श्रद्धाच म्हणतो, कारण ती पुराव्याच्या फार पुढे गेली होती.

पोटातल्या महाधमनीला येणारा फुगा, म्हणजे एन्युरिझम, हा माझ्या संशोधनाचा विषय. ही नळी साधारण 2 सेंटिमीटर रुंद असते. 3 झाली की फुगा म्हणायचं. बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही, आणि एक दिवस फुटते. आइन्स्टाइन 1955 मध्ये याच आजाराने गेले. धमनीच्या भिंतीला लवचीक ठेवतात ते इलॅस्टिनचे तंतू. तिथे दाह सुरू झाला की मॅक्रोफेज पेशी जमतात, एमएमपी-9 नावाचं एन्झाइम सोडतात आणि ते हे तंतू कुरतडतं. डागडुजी करणाऱ्या स्नायुपेशीही मरू लागतात. ज्या उंदरांत एमएमपी-9 चं जनुकच नव्हतं, ते प्रयोगात फुग्यापासून बचावले. डॉक्सिसायक्लिन हे जुनं, स्वस्त अँटिबायोटिक हेच एन्झाइम अडवतं. मला आणखी काय हवं होतं? ओळखीच्या एका काकांना मी सांगून टाकलं, "फुगा लहान आहे, गोळी येतेच आहे." त्यांच्या विडीबद्दल नीट विचारलंसुद्धा नाही. ते आजही बोचतं.

नेदरलँड्समध्ये ही गोळी हरली तेव्हा मी मात्रेला दोष दिला. 2020 मध्ये अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल आला: अडीचशेवर रुग्ण, दोन वर्षं, दिवसातून दोनदा औषध. खऱ्या गोळीवाल्यांचे आणि प्लासिबोवाल्यांचे फुगे सारखेच वाढले, सुमारे साडेतीन मिलिमीटर. आता पळवाट नव्हती. उंदराच्या निरोगी धमनीला आम्ही एका दिवसात इजा करायचो आणि औषधही तेव्हाच सुरू करायचो. माणसाच्या धमनीतली झीज वर्षानुवर्षांची. शरीर इलॅस्टिन विणतं ते मुख्यतः बालपणी. म्हातारपणी गेलेला तंतू परत येत नाही. बैल गेल्यावर झोपा करत होतो आम्ही.

आणि ज्याला मी 'नुसतं मोजमाप' म्हणायचो? ब्रिटनमध्ये 65 ते 74 वयाच्या 67,800 पुरुषांपैकी निम्म्यांना सोनोग्राफीला बोलावलं. चार वर्षांत त्या गटात फुग्याने 65 मृत्यू झाले, न बोलावलेल्या गटात 113. हा निकाल 2002 चा. मी तो वाचला होता, मनावर घेतला नव्हता.

रेणूंचा अभ्यास मी सोडलेला नाही. मधुमेहींना हा फुगा कमी का होतो, त्यात मेटफॉर्मिनचा हात आहे का, हे मला अजून झोपू देत नाही. पण आता पासष्टी ओलांडलेला, कधीकाळी विडी ओढलेला माणूस पित्ताशयाच्या सोनोग्राफीला आला, तरी बेंबीच्या वर प्रोब टेकवून धमनी मोजायला मी सांगतो.

काकांचा फुगा परवा 4.4 भरला. विडी सुटून दोन वर्षं झाली. 5.5 झाला तर शस्त्रक्रियेचं बोलू, हे त्यांना आधीच सांगून ठेवलंय. गोळीचं त्यांनी विचारलं. नाही म्हणालो.