हिरव्याची ओळख

मृगाच्या सरी पडून गेल्या म्हणजे बीदरच्या तांबड्या माळावर पंधरा दिवसांत हिरवळ डोकावू लागते. वैशाखात जेथे कुसळांखेरीज काही नव्हते तेथे मारवेल आणि हरळी पसरते. पलीकडे कलबुर्गीच्या काळ्या रानातले बांध हिरवे होतात. कोंकणातील वाचकांस या हिरव्याचे एवढे अप्रूप वाटणार नाही. आम्हां पठारावरील लोकांस मात्र ते वर्षाचे पहिले सुख होय. ते दाराशी बांधलेल्या मुक्या जनावरासही लाभावे असे वाटणे साहजिक आहे. परंतु घोड्याच्या बाबतीत या सदिच्छेस थोडा लगाम घालावा लागतो.

घोडा आमच्या भागाला नवा नाही. खंडोबा हा अश्वारूढ देव, आणि भालकी तालुक्यातील खानापूरचा मैलार मल्लण्णा हे त्याचेच स्थान. सीमेपलीकडे नांदेड जिल्ह्यात माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तेथील घोड्यांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. त्याही पूर्वी, 1470 च्या सुमारास, अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलास उतरला व तो त्याने बीदरास विकला. बीदरपासून बारा कोसांवर वर्षातून एकदा दहा दिवस बाजार भरतो आणि तेथे 20,000 पर्यंत घोडे विक्रीस येतात, असे त्याने नोंदविले आहे. हा बाजार कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदचा, असे मानतात. येथे घोड्यांना हरभरा चारतात, साखर-तेलाची खिचडी शिजवून घालतात, हेही त्याने लिहून ठेवले.

त्याच्या लेखनातील या दोन ओळी आम्हांस फार बोलक्या वाटतात. दख्खनचा घोडा पूर्वीपासून माणसाच्या हातचे खाणारा. आजही तो आठ-आठ महिने कडबा, वाळले गवत आणि चंदीच्या तोबऱ्यावर राहतो. मार्गशीर्षात यात्रेतून आणलेल्या घोड्याला आषाढात एकाएकी हिरव्या रानात सोडणे म्हणजे महिनाभराचे उपोषण केलेल्या माणसास पंक्तीला बसवून आग्रहाने वाढण्यासारखे आहे.

याचे कारण त्याच्या पोटाच्या रचनेत आहे. घोडा गाईसारखा रवंथ करीत नाही. त्याचे जठर लहान. चाऱ्याचे खरे पचन पुढे मोठ्या आतड्यात, तेथील असंख्य सूक्ष्म जीवांकडून होते. वाळल्या चाऱ्याला सरावलेले हे जीव कोवळ्या, गोड, पाणीदार गवताला दोन-तीन आठवड्यांनी सरावतात. तेवढी सवड न मिळाली तर पोटात आंबवण वाढते, वायू धरतो, पोटशूळ उठतो. घोड्याला वांती होत नाही, म्हणून पोटात गेलेले तोंडावाटे परत येण्याची सोय नाही. कधी ते विष रक्तात उतरून खुरांच्या आतील नाजूक थर सुजतात आणि घोडा कायमचा पायांतून जातो.

जुने मोतद्दार ही शरीररचना शिकलेले नव्हते. तरी त्यांची रीत शास्त्राला धरून होती. प्रथम वाळला चारा पोटभर घालावा. भुकेला घोडा रानात नेऊ नये. पहिल्या दिवशी सकाळच्या वेळी, दोर हाती धरून, पंधरा-वीस मिनिटेच चारावे. गवतातील साखर दिवसभर उन्हाने वाढत जाते, म्हणून दुपारपेक्षा सकाळ बरी. मग रोज दहा-पंधरा मिनिटे वाढवीत दोन-तीन आठवड्यांत काही तासांवर यावे. या काळात चंदीत फेरबदल करू नये आणि स्वच्छ पाणी सदैव असावे. ज्याची मान चरबीने जाड झाली आहे किंवा ज्याचे खूर पूर्वी एकदा धरले आहेत, त्यास फार जपावे. ज्वारीच्या धसकटांना फुटलेल्या कोवळ्या पोंग्यांपासून तर दूरच ठेवावे. किराळ लागून गुरे दगावतात हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे.

घोडा खाणे टाकतो, पायाने जमीन उकरतो, वळून वळून कुशीकडे पाहतो, लीद बंद होते. किंवा खूर तापतात व तो पुढच्या पायांवर भार देत नाही. असे दिसताच घरगुती काढ्यांत वेळ न दवडता जनावरांच्या डॉक्टरांस बोलवावे.

हे सर्व या पानांवर मांडण्याचे कारण आमच्या देवळांशी जोडलेले आहे. गोग्रासाचा संस्कार आपल्यावर लहानपणापासून झाला आहे. यात्रेत किंवा पालखीपुढे घोडा दिसला की भाविक हिरवी पेंढी त्याच्या तोंडाशी नेतात. एकाची पेंढी थोडी; पन्नास जणांच्या पेंढ्या मिळून एक भाराच होतो, आणि त्या रात्री घोडेवाला कंदील घेऊन जनावराभोवती जागत बसतो. त्याचे वर्षाचे पोट त्या एका जनावरावर असते. देणाऱ्यांपैकी कोणालाही हे कळत नाही. प्रत्येकजण पुण्याच्या समाधानात घरी गेलेला असतो.

म्हणून आमची विनंती एवढीच, की पेंढी तोंडाशी नेण्यापूर्वी घोडेवाल्यास विचारावे. तो "नको" म्हणाला तर ती त्याच्या हवाली करावी; तो ती वेळेवर, मापाने घालील. दान सत्पात्री असावे असे आपण म्हणतो. ते घेणाऱ्याला पचेल असेही असावे. माळावरचे हिरवे कोठे पळून जात नाही. श्रावण अजून पुढे आहे.