गाडीवरचं नाव

वाडी, नागपूर

चि. अनिकेत,

तुझ्या नव्या माझदा गाडीचा फोटो ताईने अख्ख्या घराला दाखवला. तुझ्या ऑफिसातला इराणी सहकारी म्हणाला, हे आमच्या जुन्या देवाचं नाव आहे. खरं आहे ते. आणि ट्रान्सपोर्टवाल्या मामाला विचारलंस हे बरं केलंस, कारण हे नाव अमरावती रोडवर मी वर्षानुवर्षं पाहतोय. स्वराज माझदा! जपानी माझदाच्या साथीने पंजाबात 1983 साली ही कंपनी निघाली. आपल्या गोदामांपुढे तिचे ट्रक लागत. केबिनमध्ये गणपती, साईबाबा, बंपरला लिंबू-मिरची. समोर ठळक अक्षरांत लिहिलेल्या देवाला मात्र कोणी हात जोडत नसे!

मूळ कंपनी हिरोशिमाची. 1920 साली बुचाच्या धंद्यासाठी निघाली आणि 1931 मध्ये तिने पहिलं वाहन काढलं, तेही आपल्याच कामाचं: तीनचाकी मालगाडी, माझदा-गो. मालकाचं नाव जुजिरो मात्सुदा. नावासाठी कंपनी अहुर मज्द या देवाचा दाखला देते, आडनावाशी मेळ बसतो हेही सांगते. भक्ती किती आणि आडनावाचा मोह किती, देव जाणे. माझा संशय आडनावावर.

आता खुद्द देवाबद्दल. अहुर मज्द म्हणजे जरथुष्ट्राचा परमेश्वर, सृष्टीचा कर्ता, शहाणपणाचा धनी. इराणात बिसोतूनच्या कड्यावर सम्राट दारयवहूने इ.स.पू. 520 च्या सुमारास तीन भाषांत लेख कोरून घेतला. माझं राज्य अहुर मज्दाच्या कृपेने, असं त्यात तो पुन्हापुन्हा सांगतो. राजे लोक सांगणारच. मला त्याहून जरथुष्ट्राच्या गाथा जवळच्या वाटतात. तिथे सत्य आणि असत्य समोरासमोर उभे आहेत, आणि कोणाच्या बाजूने जायचं ते प्रत्येक माणसाने स्वतः विचार करून ठरवायचं आहे. हा देव माणसाला पायाशी बसवत नाही, कामाला सोबत घेतो. शेत पिकवणं, पाणी-माती स्वच्छ ठेवणं, खरं बोलणं, हे त्याच्याच बाजूने लढणं. आतषबेहराममधला, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरातला, अग्नी हाच त्यांचा देव, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण ते अग्नीला देव मानत नाहीत; अहुर मज्दाच्या तेजाची खूण म्हणून तो समोर ठेवून प्रार्थना करतात.

नागपूरला या देवाची माणसं ट्रकच्या कितीतरी आधी आली. नवसारीच्या पुरोहित घराण्यातल्या जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला इथे एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस दाराशी, रेल्वे हाताशी. व्हिक्टोरिया सम्राज्ञी झाल्याचा पुकारा त्याच दिवशी दिल्लीत झाला, म्हणून ते नाव. 1886 मध्ये कामगारांसाठी निवृत्तिनिधी निघाला, 1895 पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. सरकारने सक्ती करण्याच्या कितीतरी आधी! यात धर्म किती, धंद्याची दूरदृष्टी किती, हे मी मोजायला बसत नाही. आज तिथे मॉल आहे. जनरल आवारीही नागपूरचेच पारशी. 1927 मध्ये शस्त्रबंदीच्या कायद्याविरुद्ध सत्याग्रह त्यांनीच उभा केला होता.

तुझा सहकारी गळ्यात पंखवाल्या माणसाचं पदक घालत असेल, तर त्या आकृतीला अहुर मज्द समजून नमस्कार करू नकोस. काही अभ्यासक तसं मानतात, पण बरेच पारशी त्याला फरवशी, म्हणजे प्रत्येकाचा राखणदार आत्मा समजतात. सहकाऱ्यालाच विचार, इराण्यांना यावर बोलायला आवडेल.

नवरोजच्या शुभेच्छा त्याला 21 मार्चच्या सुमारास दे, तो कोणत्याही धर्माचा असो. तो सण इराणात सगळ्यांचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक पारशांचं नववर्ष ऑगस्टमध्ये येतं. त्यांच्या पंचांगात वर्ष सरळ 365 दिवसांचं, लीप वर्ष नाही, त्यामुळे ते शतकानुशतकं मागे सरकत गेलं.

ताईने नारळ फोडायला सांगितलंय. फोडून टाक, हा देव रागावणाऱ्यांतला नाही.

तुझा
मामा