लेमन ग्रोव्हची शाळा आणि पंचाहत्तर लेकरे

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण टोकाला सॅन दिएगो हे बंदराचे शहर आहे. मेक्सिकोची सरहद्द येथून हाकेच्या अंतरावर. शहराच्या मध्यभागातून पूर्वेकडे जाणाऱ्या 'ऑरेंज लाईन'च्या ट्रॉलीत बसले, की थोड्याच वेळात लेमन ग्रोव्ह नावाचे छोटे गाव लागते. लेमन म्हणजे लिंबू आणि ग्रोव्ह म्हणजे बाग. स्टेशनाजवळच एक भलेमोठे पिवळे लिंबू चौथऱ्यावर मांडून ठेवले आहे. १९२८ साली ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीसाठी ते तयार केले होते. पृथ्वीवरील सर्वात उत्तम हवामान येथे आहे, असा त्यावर गावाचा दावा लिहिलेला आहे. आज बागा उरलेल्या नाहीत, लिंबू तेवढे उरले. जागोजाग साधी बैठी घरे, दुकाने आणि मोटारींचे रस्ते. लोकवस्ती २७ हजारांच्या घरात.

प्रवासी लोक लिंबाजवळ फोटो काढतात आणि पुढे जातात. परंतु या गावात पाहण्यासारखी खरी गोष्ट वेगळीच आहे. ती म्हणजे येथील प्राथमिक शाळांचा कारभार, आणि त्या कारभाराच्या इतिहासातले १९३१ सालचे एक पान. आपल्या वाचकांनी ते पान अवश्य वाचावे, कारण त्यातल्या वेदनेची ओळख आपल्याला कोणी नव्याने करून द्यायला नको.

शाळेचा वेगळा 'जिल्हा'

आपल्याकडे जिल्हा म्हटला की कलेक्टर कचेरी आणि जिल्हा परिषद डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणजे केवळ शाळा चालवण्यासाठी केलेली स्वतंत्र स्थानिक संस्था. बहुतेक ठिकाणी नगरपालिकेचा तिच्यावर हुकूम चालत नाही. कुठे असा जिल्हा लाखो मुलांचा असतो, कुठे डोंगरातल्या एकाच शाळेचा. लेमन ग्रोव्हचा जिल्हा लहानांतच मोडतो. बालवर्गापासून आठवीपर्यंतच्या मोजक्या शाळा त्याच्याकडे आहेत. आठवी झाल्यावर येथील मुले हायस्कूलसाठी शेजारच्या दुसऱ्याच मोठ्या जिल्ह्याकडे जातात. म्हणूनच याला प्राथमिक शाळा जिल्हा म्हणतात.

कारभार पाहते ते 'स्कूल बोर्ड'. गावातील मतदार बोर्डाचे सभासद चार वर्षांसाठी निवडून देतात. सर्वांची मुदत एकाच वेळी संपत नाही. काही जुने राहतात, काही नवे येतात. सभासद होण्यासाठी मोठी पदवी लागत नाही. गावचा मतदार असलेला कामगार, गृहिणी, निवृत्त शिक्षक कोणीही उभा राहू शकतो. मानधन थोडेच असते. हे बोर्ड एक सुपरिंटेंडेंट नेमते. रोजचे काम तो पाहतो. पण धोरण, अंदाजपत्रक आणि शिक्षकांशी होणारा करार यांवर शेवटचे मत बोर्डाचे.

बोर्डाची सभा बंद दाराआड होत नाही. कॅलिफोर्नियात १९५३ साली 'ब्राउन ॲक्ट' नावाचा कायदा झाला. त्यानुसार नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी लोकांना पाहता येईल अशी लावावी लागते. पत्रिकेत नसलेल्या विषयावर एरवी निर्णय घेता येत नाही. सभेत कोणीही नागरिक उभा राहून बोलू शकतो; त्याला नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. नोकरांच्या बाबी, कोर्टकचेरी अशा थोड्या विषयांसाठीच सभासद आत बसतात. हातात चिठ्ठी घेऊन, नंबर आल्यावर माईकसमोर दोन-तीन मिनिटे बोलणारी आई हे अशा सभांतले नेहमीचे दृश्य आहे.

पैसा कोठून येतो?

शाळेचा खर्च मुख्यतः दोन वाटांनी भागतो. घर-जमिनीवरील कर ही एक वाट आणि राज्य सरकारचे अनुदान ही दुसरी. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर करून मालमत्ता कराची मूळ मर्यादा कर-आकारणीच्या मूल्याच्या एक टक्क्यावर बांधून टाकली. तेव्हापासून शाळांचे राज्य सरकारवरचे अवलंबन वाढले.

२०१३ साली राज्याने अनुदानाचे सूत्र बदलले. प्रत्येक मुलामागे एक मूळ रक्कम ठरलेली असते. मूल गरीब घरचे असेल, इंग्रजी शिकणारे असेल किंवा सरकारी देखरेखीखाली वाढत असेल, तर त्याच्यामागे मूळ रकमेच्या वीस टक्के जास्त मिळतात. अशा मुलांचे प्रमाण जिल्ह्यात ५५ टक्क्यांच्या वर गेले, तर त्याहूनही अधिक रक्कम मिळते. ज्याचे ओझे जास्त त्याला हात जास्त, असा हा हिशेब. लेमन ग्रोव्हसारख्या कष्टकऱ्यांच्या गावाला त्याचे महत्त्व मोठे आहे.

मात्र ही रक्कम पटावरील नावांवर मोजत नाहीत. सरासरी दैनिक उपस्थितीवर मोजतात. मूल घरी राहिले की त्याचा अभ्यास बुडतो आणि शाळेचेही नुकसान होते. त्यामुळे लहान जिल्ह्यात शंभर मुले कमी झाली तरी बोर्डाच्या कपाळावर आठ्या पडतात. घरभाडे वाढते, तरुण कुटुंबे दुसरीकडे जातात, वर्ग रिकामे होतात. पण छताची दुरुस्ती आणि विजेचे बिल तेवढेच राहते.

अंदाजपत्रक १ जुलैपर्यंत मंजूर करून काउंटीच्या शिक्षण कचेरीकडे पाठवावे लागते. जिल्हा कर्जात बुडतो आहे असे दिसले, तर ती कचेरी लगाम खेचते. इमारतीसाठी मोठे कर्जरोखे काढायचे तर गावाचे मत घ्यावे लागते. २००० सालच्या दुरुस्तीनंतर त्यासाठी ५५ टक्के मते पुरतात.

पालकांनाही कायद्याने जागा दिलेली आहे. जादा पैसा कुठे खर्च करणार याचा आराखडा जिल्ह्याला दरवर्षी पालक समितीपुढे ठेवावा लागतो. इंग्रजी शिकणारी मुले ५१ किंवा अधिक असली, तर त्यांच्या पालकांची वेगळी समिती करावी लागते. एखाद्या शाळेत १५ टक्के किंवा अधिक मुलांची घरची भाषा एकच असेल, तर घरी जाणारी पत्रे त्या भाषेतही पाठवावी लागतात. २०२२ पासून राज्यातील सरकारी शाळांत प्रत्येक मुलाला दोन वेळचे जेवण मोफत आहे. गरिबीचा दाखला मागितला जात नाही.

हे सर्व वाचून वाटेल, की किती छान व्यवस्था! परंतु व्यवस्था कागदावर लोकशाहीची असली म्हणून न्याय आपोआप होत नाही. याच गावाने ते पाहिले आहे.

पाच जानेवारीची सकाळ

१९३० साली लेमन ग्रोव्हच्या शाळेत १६९ मुले होती. त्यांतली ७५ मेक्सिकन वंशाची. त्यांचे आईबाप लिंबाच्या बागांत, फळे भरण्याच्या वखारीत आणि खाणीत राबत. बहुतेक मुले अमेरिकेतच जन्मलेली होती. गोऱ्या मुलांबरोबर ती एकाच वर्गात शिकत.

मंदीचे दिवस आले. हाताला काम नव्हते आणि मेक्सिकन लोकांवर राग काढला जात होता. त्या उन्हाळ्यात स्कूल बोर्डाने या ७५ मुलांसाठी निराळी शाळा बांधायचे ठरवले. व्यापारी मंडळाने पाठिंबा दिला. ज्यांची मुले बाहेर काढायची, त्या पालकांना मात्र कोणी विचारले नाही आणि कळवलेही नाही.

५ जानेवारी १९३१ रोजी मुख्याध्यापक शाळेच्या दारात उभे राहिले. गोऱ्या मुलांना आत सोडले आणि मेक्सिकन मुलांना ऑलिव्ह स्ट्रीटवरच्या नव्या इमारतीकडे बोट दाखवले. ती दोन खोल्यांची लाकडी इमारत होती, आत जुने सामान. पालकांनी तिला नाव दिले 'ला काबायेरिसा', म्हणजे घोड्यांचा तबेला.

मुले तबेल्यात गेली नाहीत. ती घरी परतली. पालकांनी एकत्र येऊन शेजाऱ्यांची समिती स्थापली, पैसे गोळा केले आणि सॅन दिएगोतील मेक्सिकोचे वाणिज्यदूत एन्रिके फेर्रेरा यांची मदत घेतली. फ्रेड नून आणि ए. सी. ब्रिंकली हे दोन कायदेपंडित त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्या दिवसांत मेक्सिकन कुटुंबांना देशाबाहेर घालवले जात होते. नोकरी गेली आणि घरही गेले तर काय, ही धास्ती प्रत्येक चुलीपाशी होती. तरीही हे मजूर कोर्टात गेले. शाळकरी मुलगा रॉबेर्तो आल्वारेझ याच्या नावाने दावा दाखल झाला. तो अभ्यासात हुशार होता आणि इंग्रजी उत्तम बोलत असे.

बोर्डाचे म्हणणे होते, की ही मुले इंग्रजीत मागे आहेत, वेगळ्या शाळेत त्यांचेच भले होईल. न्यायाधीश क्लॉड चेंबर्स यांनी साधा प्रश्न विचारला, की गोरे मूल मागे पडले तर त्याला तुम्ही वेगळ्या इमारतीत पाठवता का? तसे होत नव्हते. त्याला खालच्या वर्गात ठेवून शिकवत. मग यांनाच वेगळी इमारत का? मार्च १९३१ मध्ये न्यायाधीशांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. बोर्डाने अपील केले नाही. मुले आपल्या जुन्या शाळेत परत गेली. शाळेतील वंशभेदाविरुद्ध अमेरिकेत पालकांनी जिंकलेल्या अगदी पहिल्या लढ्यांत याची गणना होते.

विजयातली उणीव

हा निकाल मुलांच्या बाजूचा होता, पण त्याचा पाया अरुंद होता. त्या वेळच्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मूळ अमेरिकन इंडियन, चिनी, जपानी मुलांसाठी वेगळी शाळा काढण्याची मुभा होती. मेक्सिकनांचा त्यात उल्लेख नव्हता आणि त्यांची गणना गोऱ्यांत होत असे. म्हणून त्यांना वेगळे काढण्याचा अधिकार बोर्डाला नाही, असा तो न्याय. भेद करणेच चूक, असे कोर्ट म्हणाले नाही. ज्यांची नावे कायद्यात होती, ती लेकरे बाहेरच राहिली. त्याच वर्षी मेक्सिकन मुलांनाही त्या यादीत ओढण्याचा प्रयत्न विधिमंडळात झाला, तो फसला.

पुढचे पाऊल पडायला सोळा वर्षे लागली. ऑरेंज काउंटीतील मेंडेझ आणि इतर कुटुंबांनी वेस्टमिन्स्टरसह चार शाळा जिल्ह्यांविरुद्ध दावा केला. १९४६ साली ते जिंकले आणि १९४७ साली अपिलातही टिकले. त्याच वर्षी गव्हर्नर अर्ल वॉरन यांच्या सहीने कॅलिफोर्नियातील वेगळ्या शाळांची कलमे रद्द झाली. हेच वॉरन पुढे सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले, आणि १९५४ साली 'ब्राउन' खटल्यात त्यांनी देशभरच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

लेमन ग्रोव्हची गोष्ट मात्र गावच विसरून गेले. रॉबेर्तो मोठा होऊन फळांचा यशस्वी व्यापारी झाला. त्याच्या मुलाने, जो मानववंशशास्त्राचा अभ्यासक झाला, १९८० च्या दशकात हा इतिहास शोधून लिहिला. त्यावर माहितीपटही निघाला. २००७ साली याच जिल्ह्यातील शाळेच्या सभागृहाला रॉबेर्तो आल्वारेझ यांचे नाव देण्यात आले. ज्या बोर्डाच्या वारसांनी हे नाव दिले, त्याच बोर्डाने एकदा त्याला दारातून परत पाठवले होते.

आपल्यासाठी

सातारच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसलेल्या भीमरावांची आठवण येथे कोणाला होणार नाही? कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला होता. तेथे राजाने दार उघडले. लेमन ग्रोव्हमध्ये मजुरांनी ते उघडून घेतले.

आज आपल्या हातातही एक साधन आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, दुर्बल आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा असावी, असे कायदा म्हणतो. शाळेचा विकास आराखडा आणि अनुदानाचा खर्च पाहणे हे तिचे काम. परंतु कित्येक आईबापांना आपल्या मुलाच्या शाळेत अशी समिती आहे हेच ठाऊक नसते. कोऱ्या कागदावर सही घेतली जाते आणि सभा झाली असे लिहिले जाते.

पंचाहत्तर लेकरांच्या आईबापांना न विचारता ठराव झाला, कारण ठराव करणाऱ्या टेबलाभोवती त्यांच्यातले कोणी बसलेले नव्हते. तेव्हा माता-भगिनींनो, बांधवांनो, समितीची सभा कधी आहे ते शाळेत जाऊन विचारा. इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करू नका. आणि जागा रिकामी असेल, तर तेथे आपले नाव द्या.