भावाचा आलेख आणि धंद्याचा ताळेबंद

शेअर बाजारात वावरणाऱ्या मंडळींचे स्थूलमानाने दोन पंथ आहेत. एक पंथ भावाचा आलेख समोर ठेवून त्याच्या चढउतारांवरून पुढील गतीचा अदमास घेतो. दुसरा कंपनीची मिळकत, कर्ज, रोकड आणि चालकांची नियत तपासून तिच्या भागाचे वाजवी मोल ठरवितो. कंपन्यांचे ताळेबंद वाचण्यावरच ज्याचा चरितार्थ चालतो, त्या माझ्यासारख्याचा कल कोणीकडे असणार हे वाचकांस निराळे सांगावयास नको. तथापि या दोन पंथांत श्रेष्ठ कोणता हा वाद मला गौण वाटतो; कारण बाजारात सामान्य माणसाचे जे नुकसान होते, त्यातील पुष्कळसे कोणत्याही एका शास्त्राच्या दोषामुळे होत नसून, एका शास्त्राच्या भरवशावर केलेल्या खरेदीचा बचाव दुसऱ्या शास्त्राच्या भाषेत करण्याच्या खोडीमुळे होते, असे माझे निरीक्षण आहे.

आलेखाच्या विद्येस पोथीनिष्ठ विद्वान तुच्छ लेखतात, परंतु तिचे कुळ हलके नाही. अठराव्या शतकात जपानमध्ये ओसाकाच्या दोजिमा बाजारात तांदळाचे वायदे रीतसर होत असत, आणि भावाच्या मेणबत्तीवजा आकृत्यांची परंपरा साकाता येथील होम्मा मुनेहिसा या तांदळाच्या व्यापाऱ्याशी जोडली जाते. अमेरिकेत १८८९ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ सुरू करणाऱ्या चार्ल्स डाऊ याने १८९६ मध्ये अवघ्या बारा कंपन्यांच्या भावांची सरासरी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, व त्याच्या अग्रलेखांतील विचारांतून पुढे हॅमिल्टनप्रभृती अनुयायांनी एक सिद्धांत उभा केला. गंमत अशी, की आलेखवाले ज्याला आद्य आचार्य मानतात त्या डाऊचे स्वतःचे म्हणणे बाजाराचे वाचन मूल्याच्या अंगाने करावे असेच होते.

आलेख जे सांगतो ते वस्तुतः माणसांच्या वर्तनाविषयी असते. समजा, एखाद्या कंपनीचे शेअर पुष्कळांनी चारशे रुपयांस घेतले आणि भाव तीनशेवर आला. आता तो पुन्हा चारशेच्या आसपास पोहोचताच, ‘घेतल्या भावाला सुटलो तरी पुरे’ असे म्हणणाऱ्या अडकलेल्या मंडळींची विक्री सुरू होते आणि भाव तेथेच अडतो. आलेखवाला ज्यास अडथळा म्हणतो त्याच्या मुळाशी एवढा साधा मनुष्यस्वभाव आहे. ही विक्री पचवून भाव मोठ्या उलाढालीसह चारशेच्या वर टिकला, तर अडकलेले सुटले व नवे धनी आले असा अर्थ निघतो. परंतु ही कंपनी नफा कशातून मिळविते, या प्रश्नापुढे हाच आलेख मुका असतो.

तेथे दुसऱ्या शास्त्राचा अंमल सुरू होतो. बेंजामिन ग्रॅहॅम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ मध्ये, म्हणजे १९२९ च्या कोसळीत स्वतः ग्रॅहॅमही पोळून निघाल्यानंतर, त्याची शिस्तबद्ध मांडणी केली. मोल आणि भाव या दोन भिन्न वस्तू असून, मोलापेक्षा बऱ्याच खालच्या भावाने खरेदी केल्यास आपल्या अंदाजातील चूक पोटात घालण्याइतकी जागा राहते, हे त्याचे सार होय. व्यवहारात मी प्रथम पाहतो ते हे, की कागदावरचा नफा धंद्यातून रोकडीच्या रूपाने खरोखर हाती येतो की उधारीच्या खात्यात साचत जातो. मग व्याजाचा बोजा, आणि मग प्रवर्तकांनी आपले शेअर सावकाराकडे गहाण टाकले आहेत काय ते. मात्र स्वस्त शेअर महाग केव्हा होईल हे कोणताही ताळेबंद सांगत नाही, आणि त्या प्रतीक्षेत वर्षे लोटू शकतात.

शिवाय ताळेबंद खरा असला पाहिजे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या रामलिंग राजूंनी जे कबुलीपत्र दिले, त्यात सप्टेंबर २००८ अखेर दाखविलेल्या शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत, आणि त्या तिमाहीचा कामकाजातील नफा ६४९ कोटी दाखविला असला तरी प्रत्यक्षात तो ६१ कोटीच आहे, असे नमूद होते. लेखापरीक्षकांची सही असलेले आकडे घेऊन मोल काढणारे आम्ही सर्व तेथे निरुत्तर झालो. आलेखाने तरी वाचविले काय? कबुलीच्या आधी, राजू कुटुंबाच्याच मेटास कंपन्यांच्या खरेदीचा सत्यमचा बेत जाहीर होऊन काही तासांतच मागे घेतला गेला, तेव्हा १७ डिसेंबर २००८ ला भाव सुमारे तीस टक्के आपटला. त्या दिवशी तोट्याची ठरलेली मर्यादा पाळून जो बाहेर पडला, तो कारण न कळताही वाचला. परंतु ६ जानेवारीचा बंद भाव १७ डिसेंबरच्या बंद भावापेक्षा वर होता, म्हणजे त्याच आलेखाने मधल्या काळात कित्येकांस पुन्हा आत येण्याचे निमंत्रणही दिले. प्रत्येक शास्त्राची धाव अशी मर्यादित आहे. शहाणपण ती ओळखण्यात आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आलेख पाहून आठवडाभरासाठी घेतलेला शेअर दहा टक्के खाली येतो. त्या विद्येचा दंडक म्हणतो, तोटा घ्या आणि मोकळे व्हा. पण तेव्हाच आमच्या सटोडियास एकाएकी कंपनीच्या उज्ज्वल भवितव्याचा साक्षात्कार होतो, तो आपणांस दीर्घ मुदतीचा गुंतवणूकदार म्हणवू लागतो, आणि ज्या कंपनीचा वार्षिक अहवाल त्याने कधी उघडला नाही तिचा तो वर्षानुवर्षे भागधारक होऊन बसतो. उलटपक्षी, वर्षभर अभ्यासून घेतलेला उत्तम शेअर पडद्यावरील एका लाल रेषेच्या धास्तीने फुंकून टाकणारेही थोडे नाहीत. अल्प मुदतीच्या सट्ट्याची हाव किती पसरली आहे याचा दाखला सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन यांचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांस तोटा झाला, आणि एकंदर नुकसान १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होते. हे आकडे आलेखविद्येविरुद्ध पुरावा म्हणून मांडणे न्याय्य होणार नाही, कारण त्यांतील कितीजणांनी कोणता नियम पाळला हे त्यांवरून कळत नाही. परंतु अल्प मुदतीच्या व्यवहारात नवख्याचा निभाव किती कठीण, हे त्यांतून पुरेसे दिसते.

म्हणून माझ्याकडे सल्ल्यास येणाऱ्यांस मी पंथ विचारीत नाही. खरेदीच्या दिवशीच तिचे कारण, तिची मुदत आणि विक्रीची अट कागदावर लिहून त्याखाली तारखेनिशी सही करावयास सांगतो. कारण भावाचे असेल तर भाव बिघडताच बाहेर पडावे, मग कंपनी कितीही नामांकित असो. कारण धंद्याचे असेल तर धंदा बिघडेपर्यंत किंवा भाव मोलाच्या पार जाईपर्यंत थांबावे, मग आलेख काहीही म्हणो. आणि कारणाची जागा ज्यास भरताच येत नाही, त्याने तो शेअर घेऊच नये.