हलशीच्या पायरीवर

खानापूरहून हलशी जेमतेम १४-१५ किलोमीटर. पण मे महिन्यात गच्च भरलेल्या बसमध्ये उभ्याने गेलं की जीव नकोसा होतो. भूवराह नरसिंह मंदिराच्या पायरीवर मी मटकन बसलो. सातवीतली मुलगी मात्र ताजीतवानी. ''बाबा, हे देऊळ आपलं की आईकडचं?'' तिची आई धारवाडची. वीस वर्षं इतिहास शिकवूनही मला उत्तर सुचेना.

आतला दगडी मंडप गार होता. इथे दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकात वराह, दुसऱ्यात नरसिंह आणि नारायण. मधला मंडप दोघांना मिळून एकच. हे काम बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांच्या वेळचं. त्याआधी पाचव्या शतकात बनवासीच्या कदंबांची ही पलाशिका. (हलशी म्हटलं की आमच्या घरात आधी हलसिन हण्णूच आठवतं, जुन्या नावात मात्र पळस आहे.) त्यांचे ताम्रपट इथेच मिळाले. ते संस्कृतात आहेत, असं मी सांगितलं.

''म्हणजे कुणाचंच नाही?''

पुढे सुवर्णेश्वराचं देऊळ पार ढासळलेलं. तिथे एक आजी शेळ्या राखत होत्या. आमच्याशी मराठीत बोलायच्या, शेळ्यांवर कन्नडमध्ये ओरडायच्या. मुलीनं त्यांनाही तोच प्रश्न विचारला.

''आमच्या गावचं गं बाई,'' आजी म्हणाल्या आणि शेळीमागे गेल्या.

रात्री घरी मुलीनं सगळं आईला कन्नडमध्ये सांगितलं. ऐकून घेऊन ती मला म्हणाली, ''मत्त नन्न यावाग कर्कोंड होग्तीरि?''