पाटीवरचं साल आणि हातातला स्पिंडल

पेन्सिल्व्हेनियात हर्शी गावी दर ऑक्टोबरात जुन्या गाड्यांचा नि सुट्या भागांचा बाजार भरतो. 1955 पासून भरतोय. चॉकलेटच्या कारखान्याचं गाव, म्हणून तिथल्या एका मैदानाचं नावही चॉकलेट फील्ड. मी शेजाऱ्याबरोबर जातो. तो सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर गॅरेजात काम केलेला. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात काळे करून मग इकडे आलेला. त्याच्याकडे 1931 सालची फोर्ड मॉडेल ए कूपे आहे. आत फ्लॅटहेड व्ही-8 इंजिन बसवलंय, पुढचा एक्सल खाली वाकवलेला. इथे याला हॉट रॉड म्हणतात. मूळ गाडीचे ब्रेक सळ्यांनी ओढले जाणारे, मेकॅनिकल. व्ही-8 च्या जोरापुढे ते कुठले पुरणार? म्हणून पुढच्या चाकांना हायड्रॉलिक ब्रेक बसवायचे ठरले, आणि तेही जुनेच, मूळ फोर्डचे.

फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक 1939 मध्ये आणले. क्रायस्लरने 1924 मध्येच दिले होते, शेवरोलेनेही 1936 मध्ये. हेन्री फोर्ड मात्र सळ्यांवर अडून बसलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली पोरं भंगारातून 1939 पासूनच्या गाड्यांचे ब्रेक काढून जुन्या मॉडेल ए आणि 1932 च्या गाड्यांना लावत. तीच खटपट आज आम्ही करतोय, फक्त भंगाराचा भाव आता सराफाकडचा झालाय.

बाजारात प्रत्येक ढिगावर पुठ्ठ्याची पाटी असते. एका ढिगावर होती: '1940 फोर्ड, पुढचे ब्रेक, पूर्ण जोडी'. शेजारी म्हणाला, "पाटी वाचू नकोस, प्लेट उलटी कर." शू जिच्यावर बसतात त्या बॅकिंग प्लेटची मागची बाजू खरंच सगळं सांगते. 1939 ते 48 च्या फोर्ड मोटारींचे ब्रेक लॉकहीड पद्धतीचे. खाली दोन वेगळे अँकर बोल्ट, वर दोन एक्सेंट्रिक समायोजक. प्रत्येक शू आपापल्या बोल्टवर फिरतो. 1948 ते 52 च्या एफ-1 ट्रकचे ब्रेक बेंडिक्स पद्धतीचे. वर एकच अँकर, आणि खाली एक लांबट खाच, जिच्यातून चपट्या पट्टीने दातेरी चाकी फिरवायची. यात दोन्ही शू खाली जोडलेले असतात. चाक फिरताना पुढचा शू ड्रमबरोबर ओढला जातो, त्याचा रेटा मागच्यावर पडतो आणि पायाचा जोर आपोआप वाढतो. म्हणून हॉट रॉडवाल्यांना एफ-1 चे ब्रेक हवे असतात. त्या ढिगात दोन प्लेटा होत्या, एक लॉकहीड आणि एक बेंडिक्स. विक्रेत्याला दाखवलं तर म्हणे, "दोन्ही फोर्डच आहेत की." एक चाक धरणार, दुसरं रेंगाळणार, आणि गाडी रस्ता सोडून शेतात. पुढे निघालो.

स्पिंडलचं, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या भागाचं, प्रकरण जास्त नाजूक. प्लेट जिथे बसते तो भाग 1937 ते 41 च्या स्पिंडलला गोल, 1942 ते 48 च्या स्पिंडलला चौकोनी. एवढं कळलं की निम्मं काम झालं. मग व्हर्निअर काढायचा. किंगपिनचा, म्हणजे स्पिंडल एक्सलला जोडणाऱ्या खिळीचा, व्यास या सगळ्या वर्षांत 0.812 इंचांच्या आसपास, पण एक्सलच्या डोळ्याची उंची सगळीकडे सारखी नसते. स्पिंडलच्या दोन कानांमधलं अंतर आपल्या एक्सलशी जुळतंय की नाही हे मापूनच पाहावं. शिमांची चवड लावून भागवणं मला पटत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवतो तो आतल्या बेअरिंगच्या बैठकीवर. तिथे बेअरिंगची रिंग फिरली असेल तर खालच्या बाजूला उजळ पट्टा दिसतो, नखाला पायरी लागते. असा स्पिंडल फुकट दिला तरी नको. दुसरी जागा म्हणजे स्टिअरिंगची भुजा. या स्पिंडलना ती अंगचीच, एकाच फोर्जिंगमधून आलेली. एक्सल खाली वाकवला की टाय रॉड एक्सलला मागून धरणाऱ्या विशबोनला अडते, मग कोणीतरी भुजा लाल करून खाली वाकवतो. हे चालतं, पण वाकवून पाण्यात बुडवली असेल तर लोखंड ठिसूळ होतं, आणि बाहेरून ओळखू येत नाही. रंगाचा जाड थर असेल तर मला संशय येतोच.

शेवटी एका ट्रकवाल्याकडून एफ-1 ची पूर्ण जोडी घेतली, ड्रम 11 इंची, शू 2 इंच रुंद. स्पिंडल 1940 च्या आसपासचे, गोल, दुसऱ्याकडून. घरी आणून पातेल्यात केरोसीनमध्ये टाकले. बायको गॅरेजच्या दारातूनच म्हणाली, "अहो, ते पातेलं परत स्वयंपाकघरात आणायचं नाही हं." त्यानंतर डाय पेनिट्रंट केलं: लाल रंग लावायचा, पुसायचा, पांढरा फवारा मारायचा. बेअरिंगच्या बैठकीमागच्या गोलाईत भेग असेल तर लाल केस उमटतो. आमच्यात उमटला नाही. तरी शेजाऱ्याने इंजिनचं काम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये चुंबकाने भेग शोधणारं मॅग्नाफ्लक्सही करून घेतलं. स्पिंडलवर आपला जीव असतो. तिथे दोनदा तपासायला माझी हरकत नाही.

बसवणं त्या मानाने सोपं. नवे बुश ठोकले, पण रिमर लांब हवा, वरचा-खालचा बुश एका रेषेत कापणारा; एकेक वेगळा रिम केला तर किंगपिन अडकतो. थ्रस्ट बेअरिंग एक्सलच्या खालच्या बाजूला, गाडीचं वजन तिथे येतं. लॉक पिन आत जाताना किंगपिनची खाच नीट समोर हवी. प्लेटचं मधलं भोक स्पिंडलच्या गोल खांद्यावर सैल वाटलं, म्हणून लेथवर पातळ रिंग कापली. हे काम मला मनापासून आवडलं. शूपैकी आखूड लायनरचा पुढे, लांब लायनरचा मागे. गॅरेजवाले हे सर्रास उलटं करतात आणि मग दोष मास्टर सिलिंडरला देतात. आमचा मास्टर सिलिंडर गाडीच्या फळीखाली, चाकांच्या सिलिंडरांपेक्षा खालच्या पातळीवर, म्हणून ड्रमच्या लाइनमध्ये 10 पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह टाकला, म्हणजे ऑइल मागे उतरत नाही.

रिकाम्या रस्त्यावर शेजाऱ्याने पहिल्यांदा पाय दाबला तेव्हा गाडी किंचित उजवीकडे गेली. डाव्या चाकाची दातेरी चाकी थोडी घट्ट केली. पुन्हा दाबला, सरळ थांबली. मागचे ब्रेक अजून मॉडेल ए चेच आहेत. त्यासाठी अख्खा मागचा एक्सल शोधायचा आहे.