शाळाच हरवली तर?



गेल्या महिन्यात आम्ही एक जपानी भयकथा वाचून काढली. काझुओ उमेझू यांची 'द ड्रिफ्टिंग क्लासरूम' ही चित्रकथा १९७२ ते १९७४ या काळात जपानी साप्ताहिकात क्रमशः आली. सहावीतला शो सकाळी आईशी भांडून शाळेत जातो, आणि भूकंपासारखा हादरा बसून सबंध शाळाच गायब होते. ती जाऊन पडते उजाड भविष्यकाळात, फाटकाबाहेर नुसती वाळू. मोठी माणसे आधी खचतात. जेवण पोहोचवणारा माणूस सगळे अन्न बळकावून बसतो. शेवटी मुलेच मतदान करून आपला पंतप्रधान निवडतात.

पुस्तके आमच्या नववीतल्या एका विद्यार्थ्याची. आई घेऊन आल्या होत्या. "परीक्षेच्या सकाळी ह्याचे पोट दुखते, रात्री हे वाचतो, जेवताना निवडणुकीवर वाद घालतो. सर, जप्तच करा." आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, हिंदी 'चंदामामा'तल्या वेताळावर वाढलेल्या माणसाने भुते जप्त कशी करावीत? रक्तपात मात्र फार आहे. प्राथमिकच्या मुलांना हे देऊ नये, असेच आमचे मत.

मुलाला विचारले, भीती नाही वाटत? म्हणाला, "वाटते, पण पान उलटले की संपते. गणिताच्या पेपरची संपत नाही."

जपानमध्ये आजारपण वा गरिबी हे कारण नसताना वर्षात ३० वा अधिक दिवस शाळेत न जाणाऱ्या मुलांची सरकार मोजदाद करते. २०२३-२४ मध्ये पहिली ते नववीची अशी ३,४६,४८२ मुले होती. तिकडे याला 'फुतोको' म्हणतात. आपल्याकडे 'नाटक' म्हणतात. हा शब्द आमच्या शिक्षकांनी वापरू नये असे आम्ही सांगितले आहे. घरांनीही विचार करावा. कथेत शोची हाक दुसऱ्या काळात राहिलेल्या आईला ऐकू येते, तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही तरी. हा भाग आम्ही त्या आईंना मुद्दाम वाचायला दिला.

मुलाचा दुसरा प्रश्न अवघड होता. "त्यांनी मत देऊन पंतप्रधान निवडला. आपला मॉनिटर मार्कांवर का?" मतदानाचे वय भारताने १९८९ मध्ये २१ चे १८ केले, जपानने २०१६ मध्ये २० चे १८, हे आम्ही नागरिकशास्त्रात शिकवतो आणि वर्गात मात्र गुणपत्रिका बघतो!

येत्या सत्रापासून आठवी ते दहावीचे वर्गप्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडले जातील. मुले सर्वात खोडकरालाच निवडतील, अशी एका विश्वस्तांची शंका आहे. निवडू देत. तीन महिन्यांनी पुन्हा मतदान आहेच. मतपेटी हस्तकलेच्या तासाला तयार होते आहे. जुने मजबूत खोके असल्यास कार्यालयात आणून द्यावे.